होइस्टची मोटर नुसती घुमते, वजन उचलत नाही

पानापक्कड

मंडळी, मदत हवी आहे. पलूसजवळ घरामागे पत्र्याचं शेड आहे, तेच माझं वर्कशॉप. स्वतःचा पॉवर टिलर, कडबाकुट्टी, शेजारपाजारच्या पंपसेटची किरकोळ कामं असं काहीबाही चालतं. वरच्या गर्डरला वायररोपचा छोटा सिंगल फेज होइस्ट (वजन वर ओढणारं यंत्र) टांगलाय. प्लेटवर २००/४०० किलो, २३० व्होल्ट, ९५० वॅट, ४.२ अँपिअर, एस३ २०% १० मिनिटं असं आहे. कपॅसिटर २५ मायक्रोफॅरड.

रिकामा हुक वरखाली जातो, पण वर जाताना रेंगाळतो. टिलरचं इंजिन अडकवलं (सव्वाशे-दीडशे किलो भरेल) की वरचं बटण दाबल्यावर घुमतो, कधी उचलतो, कधी नाही. खाली मात्र सुरळीत येतो. असं चार-दोनदा केलं की सगळंच बंद पडतं, अर्ध्या तासाने आपोआप चालू. बाकी बटण सोडल्यावर वजन चार बोटं खाली सरकून थांबतं, पण ते बऱ्याच दिवसांपासून आहे.

गावातल्या वायरमनने खालूनच बघून "मोटर जळाली, रिवाइंड करा" सांगितलं. जळका वास नाही, म्हणून पटत नाही. कुठून सुरुवात करू?

किरकिरा

नवीन घ्या. हा सल्ला फुकट आहे.

उद्यमनगरी

भावा, नवीन घ्यायला कुणाला सांगावं लागतंय? माणूस दुरुस्तीचं विचारतोय.

पानापक्कड, एकच सांग. इंजिन अडकवताना रोप सिंगल ठेवतोस का खालची पुली लावून डबल? प्लेटवरचे ४०० पुलीसकट असतात. सरळ हुकावर २०० च.

पानापक्कड

सिंगल. वजन दोनशेच्या आतच आहे.

जुगाडू

कपॅसिटर वीक झाला असणार. २५ च्या जागी ३६ चा टाका, ताकद वाढेल. आमच्या विहिरीच्या मोटारीला असंच केलं, पळतेय. आणि लिमिट स्विच (हुक पार वर पोचला की मोटर बंद करणारा) बायपास करून बघा, त्याचाही त्रास असतो.

निवृत्त वाइंडर

जुगाडू, दोन्ही गोष्टी करू नका, कुणाला सांगूही नका.

या मोटारीत कपॅसिटर कायम सर्किटमध्ये असतो. चालू होऊन बाजूला होत नाही. वाइंडिंगला जेवढा सोसतो तेवढाच कंपनीने दिलेला असतो. मोठा टाकला की दुसऱ्या कॉइलमधून करंट जास्त जातो, मोटर वजन न उचलताही तापते, कपॅसिटरवरचं व्होल्टेजही चढतं. सुरुवातीला जोर वाढल्यासारखा वाटतो म्हणून लोक फसतात. आणि लिमिट स्विच काढला तर हुक ड्रमला जाऊन आदळेल, रोप तुटेल, इंजिन खाली. खाली कोण उभं असेल ते सांगता येत नाही.

आता पानापक्कड. तुमच्या वर्णनातच बरंच काही आहे. बटण दाबल्यावर मोटर गप्प राहते की घुमते, हा पहिला फाटा. गप्प राहिली असती तर बटणाचा कॉन्टॅक्ट, लिमिट स्विच, आतली तुटकी वायर बघायला सांगितलं असतं. घुमते म्हणजे करंट पोचतोय, फिरायचा जोर कमी पडतोय किंवा काहीतरी धरून ठेवतंय. मधेच बंद पडून अर्ध्या तासाने चालू होणं हे वाइंडिंगमधल्या थर्मल प्रोटेक्टरचं, म्हणजे मोटर तापली की सप्लाय तोडणाऱ्या स्विचचं काम. तो त्याचं काम नीट करतोय म्हणूनच मोटर अजून जळलेली नाही.

हे करा: होइस्ट खाली उतरवून टेबलावर घ्या. शिडीवर उभं राहून मीटर लावायचा नाही. प्लग काढा. कपॅसिटरच्या दोन टोकांवर होल्डरमधला १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब क्षणभर धरा, म्हणजे उरलेला चार्ज उतरतो. स्क्रूड्रायव्हर आडवा घालून ठिणगी काढायची हौस नको. मग एक टोक सोडवून मायक्रोफॅरड मोजा. मोटारीच्या तीन वायरी सुट्या करून आपसातला ओहम मोजा. बॉडीला शॉर्ट आहे का ते बघा. आकडे इथे टाका.

मृण्मयी

पॉटरीवाली आहे, मातीची पोती वर चढवायला असाच होइस्ट वापरते. धागा वाचनखूण म्हणून साठवला. एक शंका: खाली सुरळीत येतो म्हणजे खालची बाजू चांगली आणि वरची खराब, असं नाही का?

निवृत्त वाइंडर

तसं वाटतं खरं, पण नाही. खाली येताना वजनच मोटारीला मदत करतं. मोटर अर्धमेली असली तरी खाली येणं जमतं. शिवाय या होइस्टच्या मोटारीत बहुतेक वेळा दोन्ही कॉइल एकसारख्या असतात आणि कपॅसिटर त्यांच्या मधे. फेज एका टोकाला दिला की वर, दुसऱ्या टोकाला दिला की खाली. म्हणजे कपॅसिटर कमजोर झाला तर दोन्ही बाजूंना सारखाच कमजोर होतो.

पानापक्कड

आकडे घेतले.

कॉमन ते पहिली वायर ४.६ ओहम, कॉमन ते दुसरी ४.५, पहिली ते दुसरी ९.१. बॉडीला मल्टिमीटरवर काहीच दाखवत नाही. मित्राने मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) आणला होता, ५०० व्होल्टवर ८० मेगाओहम आले.

कपॅसिटर १४.८ मायक्रोफॅरड. बाहेरून मात्र नव्यासारखा, फुगलेला वगैरे नाही.

उद्यमनगरी

झालं की मग! कपॅसिटर बदल, विषय संपला. ४५० व्होल्ट एसीचाच घे, पंख्याचा घालू नको. कोल्हापुरात उद्यमनगरात कुठल्याही रिवाइंडिंगच्या दुकानात मिळतोय, सांगलीलाही मिळेल.

शिकाऊ डिप्लोमा

२३० च्या सप्लायला ४५० चा कपॅसिटर कशाला लागतो? कॉलेजमध्ये विचारलं तर सर म्हणाले सेफ्टी मार्जिन.

निवृत्त वाइंडर

नुसतं मार्जिन नाही. कपॅसिटर आणि दुसरी कॉइल मालिकेत असतात. त्या दोघांवरची व्होल्टेज एकाच वेळी टोकाला जात नाहीत, म्हणून साधी बेरीज २३० येत नाही. चालू मोटारीत कपॅसिटरच्या टोकांवर तीनशेच्या वर सहज मिळतात. जवळ चांगला मीटर आणि सोबत जाणता माणूस असेल तर प्रयोगशाळेत मोजून बघ, घरी नको. मोटार कपॅसिटरसाठी आयएस २९९३ हे भारतीय मानक आहे, तोही चाळून बघ.

पानापक्कड, वाइंडिंग ठणठणीत आहे. ४.६ आणि ४.५ ची बेरीज ९.१ येते, दोन्ही बाजू समान, मेगरही चांगला. एका बाजूला आत वेढे शॉर्ट असते तर तिकडचा ओहम कमी आला असता. रिवाइंडिंगचे पैसे वाचले.

कपॅसिटर बदलाच. पण पाटी २५ ची आणि आला १४.८, हा म्हातारपणाने गेलेला वाटत नाही. होइस्ट पत्र्याच्या किती जवळ आहे?

पानापक्कड

गर्डर पत्र्याला जवळजवळ चिकटूनच आहे. एप्रिल-मेमध्ये वर हात घातला तर भाजतो. सांगलीहून नवीन कपॅसिटर आणून बसवला, मोजून २५.३ आला. रिकामा हुक आता सुसाट पळतो. इंजिन अडकवलं तर उचलतं, पण ताण जाणवतो. क्लॅम्पमीटर लावला तर उचलताना ५.९ अँपिअर. प्लेटवर ४.२ आहे आणि वजनही पुरतं दोनशे नाही. काहीतरी अजून आहे.

जुगाडू

३६ चा टाकला असता तर हा प्रश्नच आला नसता :)

निवृत्त वाइंडर

जुगाडू, हलके घ्या म्हणून सोडून देतो.

५.९ म्हणजे सरळ दिसतंय, मोटर कशाशी तरी झगडतेय. दोन गोष्टी बघा. होइस्टच्या टोकाला व्होल्टेज किती येतं? बोर्डावरचं नको, उचलायला सुरुवात होते त्या क्षणीचं, होइस्टच्या प्लगजवळचं. आणि एक्स्टेन्शनची वायर किती लांब आणि कितीची?

पानापक्कड

घरापासून शेडपर्यंत २५ मीटर एक्स्टेन्शन, पाऊण एमएमची वायर. बोर्डावर दुपारी २०५. सुरुवातीला होइस्टजवळ १८२ पर्यंत खाली जातं, मग १९७ च्या आसपास राहतं. शेतीच्या लाइनवर मोटारी चालू असल्या की घरातही असंच.

शिकाऊ डिप्लोमा

हे मी करून बघतो, चुकलो तर सांगा. ०.७५ चौ.मिमी तांब्याचा रेझिस्टन्स मीटरला साधारण २४.५ मिलिओहम. जाऊन-येऊन ५० मीटर म्हणजे सव्वा ओहमच्या आसपास. सुरुवातीला १५ अँपिअर ओढला तर नुसत्या वायरीतच १८ व्होल्ट गेले. अडीच एमएमची वायर घातली तर रेझिस्टन्स ०.३७ ओहम, पडझड साडेपाच व्होल्ट.

आणि टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. १८२ भागिले २३०, त्याचा वर्ग ०.६३. म्हणजे उचलायच्या ऐन क्षणी मोटारीत ६३ टक्केच जोर!

निवृत्त वाइंडर

शाब्बास. हेच.

पत्र्याखाली

आमच्याकडे तासगावला तर संध्याकाळी १७० असतं. त्यामुळे आम्ही वजनदार काम पहाटे काढतो. थ्री फेज मिळतं तेव्हा सिंगल फेजवाले रडतात आणि उलट. असो, हे अवांतर झालं.

सॅन होजेकर

थोडं विषयांतर. इथे अमेरिकेत माझ्या गॅरेजमध्ये १२० व्होल्टचा असाच होइस्ट आहे. साताऱ्याला आईवडिलांकडे पाठवायचा विचार आहे, वडिलांच्या शेतघरी उपयोगी पडेल. २३० ते १२० चा ट्रान्सफॉर्मर लावला की चालेल ना?

उद्यमनगरी

सायेब, त्या ट्रान्सफॉर्मरचं वजन आणि कार्गोचं भाडं बघा की आधी. इथलाच घ्या.

निवृत्त वाइंडर

व्होल्टेज जुळेल, हर्ट्झ जुळणार नाहीत. तिकडे ६०, इकडे ५०. तीच मोटर ५० वर पाच-षष्ठांश वेगाने फिरेल, आणि व्होल्टेज त्याच प्रमाणात कमी न केल्यास आतलं लोखंड जास्त भरून तापेल. आधीच थोडाच वेळ चालवायची मोटर असते. पाठवू नका.

आता मूळ धाग्यावर येतो. पानापक्कड, वायर बदलाच, पण माझं मन अजून तिथे नाही. पहिल्याच पोस्टमध्ये तुम्ही "बाकी" म्हणून एक ओळ लिहिली होती: बटण सोडल्यावर चार बोटं खाली सरकतं. सगळ्यांनी ती सोडून दिली. माझ्या मते सगळं तिथेच आहे.

या होइस्टमध्ये ब्रेक मोटारीच्या मागच्या टोकाला असतो. स्प्रिंग त्याला कायम दाबून धरते. मोटारीला सप्लाय मिळाला की चुंबकीय ओढीने ब्रेक सुटतो, सप्लाय गेला की स्प्रिंग परत धरते. म्हणून लाइट गेली तरी वजन पडत नाही.

ब्रेकचं लाइनिंग (घासून धरणारा थर) झिजलं की काय होतं? डिस्क आणि चुंबक यांच्यातली फट वाढते. स्प्रिंग जास्त लांबवर उघडते म्हणून तिचा दाब कमी, आणि बटण सोडल्यावर वजन घसरतं. उलट बाजूला, फट वाढली की चुंबकाची ओढ झपाट्याने कमी होते, म्हणून बटण दाबल्यावर ब्रेक पूर्ण सुटत नाही. म्हणजे थांबवताना सैल आणि उचलताना घट्ट, दोन्ही एकाच वेळी. वरवर बघणाऱ्याला हे उलटसुलट वाटतं, त्यामुळे ब्रेककडे कुणी बघतच नाही. त्यात तुमच्याकडे व्होल्टेज कमी, म्हणजे ओढ आणखी कमी. मोटर स्वतःच्याच ब्रेकशी भांडत वजन उचलते, तापते, वर पत्रा तापवतो, आणि कपॅसिटर त्याच पेटीत शिजतो. तो का गेला ते आता बघा.

मागचं कव्हर काढून फोटो टाका. रोपवर वजन असताना ब्रेकला हात लावायचा नाही. हुक जमिनीवर, रोप सैल, प्लग खिशात.

मृण्मयी

प्लग खिशात! हे मी भिंतीवर लिहिणार आहे.

पानापक्कड

काका, काय सांगू. कव्हर उघडलं तर आत काळी भुकटी, चहाच्या चोथ्यासारखी. लाइनिंग एका बाजूला पत्र्याइतकं पातळ, दुसऱ्या बाजूला त्याहून जरा जाड, म्हणजे डिस्कही तिरकी घासत होती. कडेला गिअरबॉक्सच्या ग्रीसचा पट्टा, तेलसील गेलंय. मोटारीचं मागचं बेअरिंग हाताने फिरवलं तर खरखर करतं.

फिलर गेजने फट मोजली. मॅन्युअलमध्ये दिली आहे त्याच्या दुपटीहून जास्त.

उद्यमनगरी

काकांनी बघायच्या आधीच सांगितलं, त्याला म्हणतात अनुभव. सांगलीत ब्रेकलायनर चिकटवणारा असेल की, जीपच्या लायनरचा तुकडा कापून लाव.

निवृत्त वाइंडर

उद्यमनगरी, जीपच्या लायनरची जाडी वेगळी, घर्षण वेगळं. चिकटवणाऱ्याला फटीचं काही पडलेलं नसतं. होइस्टच्या स्पेअरमध्ये ब्रेक प्लेट तयार मिळते, ती पेटीच्या मॉडेलनुसार मागवा. दुरुस्तीत जिथे जीव टांगलेला असतो तिथे काटकसर नको.

बेअरिंगचा नंबर त्याच्याच कडेला कोरलेला असतो, तोच बघून दोन्ही बाजूंची बदला. सील बदला. डिस्कला ग्रीसचा हात लावू नका, पेट्रोलने पुसून पूर्ण वाळू द्या. आणि पेंडंटही, म्हणजे हातातली बटणांची पेटी, उघडा.

पानापक्कड

पेंडंट का?

निवृत्त वाइंडर

कारण या छोट्या होइस्टमध्ये मोटारीचा सगळा करंट हातातल्या बटणातूनच जातो, मधे कॉन्टॅक्टर (मोटारीचा करंट जोडणारा-तोडणारा वेगळा स्विच) नसतो. महिनोन्महिने ५.९ अँपिअर तोडताना कॉन्टॅक्ट भाजलेले असणार. भाजलेला कॉन्टॅक्ट एक दिवस चिकटतो, आणि बटण सोडलं तरी हुक वर जातच राहतो. तेव्हा सगळं बंद करणारं लाल बटणच कामाला येतं. ते दाबून वरचेवर तपासत जा. बटण बदलताना इंटरलॉकवालंच घ्या, म्हणजे दोन्ही एकदम दाबली जात नाहीत. वर आणि खाली एकदम लागले तर कपॅसिटर सरळ शॉर्ट होतो.

किरकिरा

कॉन्टॅक्टर लावून २४ व्होल्टचं कंट्रोल करा ना. हातात २३० व्होल्टची वायर धरून ओल्या जमिनीवर उभं राहायचं म्हणजे धाडस आहे.

उद्यमनगरी

बघा, किरकिराने पण कामाचं बोललं एकदाचं.

निवृत्त वाइंडर

सहमत. पण ते होईपर्यंत निदान ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) आणि पक्कं अर्थिंग. एक्स्टेन्शनच्या तिसऱ्या पिनेला खरंच अर्थ येतो का, ते बल्ब लावून नाही, मीटरने बघा.

पानापक्कड

अपडेट. ब्रेक प्लेट, दोन्ही बेअरिंग, तेलसील, पेंडंट सगळं बदललं. पेंडंटच्या वरच्या बटणातल्या कॉन्टॅक्टवर खरंच खड्डा पडला होता आणि कडा निळ्या-काळ्या. फट मॅन्युअलप्रमाणे सेट केली, तीन ठिकाणी मोजून, नाहीतर परत तिरकी घासेल. अडीच एमएमची वायर घातली. होइस्ट गर्डरवरून एका फुटाने खाली आणला आणि वर थर्माकोलचा जाड तुकडा लावला.

तेच इंजिन, तीच दुपार. सुरुवातीला होइस्टजवळ १९६ व्होल्ट, उचलताना ३.४ अँपिअर. ब्रेकची परीक्षा अशी घेतली: इंजिन जमिनीपासून वीतभर उचलून थांबवलं, बाजूला लाकडी ठोकळे, रोपवर आणि फ्रेमवर खडूची एकच आडवी रेघ मारली. दहा मिनिटांनी रेघ तिथेच. बटण सोडल्यावर हुक जागच्या जागी थांबतो.

शिकाऊ डिप्लोमा

५.९ वरून ३.४! यातलं किती ब्रेकचं आणि किती वायरीचं?

निवृत्त वाइंडर

बहुतेक ब्रेकचं. वायरीने सुरुवातीचा जोर वाढवला, आणि ब्रेक पूर्ण सुटायला तोही लागतो. वेगळं काढून दाखवता येणार नाही.

आता एक अट पाळा. एस३ २०% १० मिनिटं म्हणजे दहा मिनिटांत दोन मिनिटं चालवा आणि आठ मिनिटं विसावा. तुमच्या गर्मीत याहूनही कमी. आणि या सगळ्यात कुणी रोपकडे बघितलंच नाही. ड्रमवरून उलगडून, हातात जाड हातमोजा घालून शेवटापर्यंत बघा. हुक सगळ्यात खाली असतानाही ड्रमवर दोन-तीन वेढे उरलेच पाहिजेत.

मृण्मयी

मी माझा आज उघडला. वजन दोन बोटं सरकायचं, मला वाटायचं तसंच असतं. ब्रेकची फट तुमच्यासारखीच वाढलेली. पोती चढवायचं काम बंद, प्लेट मागवली.

पानापक्कड

रोप बघितला. हुकापासून हातभर वर एका जागी तारा तुटून काटे निघालेत आणि एक मुरड पडलीय. खालून दिसत नव्हतं. त्याच जाडीचा आणि त्याच प्रकारचा नवीन रोप, कारखान्यातच हुकाकडचं टोक दाबलेला, असा मागवला. तो येईपर्यंत होइस्ट बंद.

उद्यमनगरी

शाब्बास. आणि जुना रोप शेडच्या कोपऱ्यात गुंडाळून ठेवू नकोस. हातहातभर तुकडे करून भंगारात घाल, नाहीतर शेजारचा कुणीतरी ट्रॅक्टर ओढायला मागून नेईल.